आकाशात विमान, दारात घोडा

नागपुरातून अमरावती रस्त्याने निघाले, की विद्यापीठाचा परिसर मागे पडतो आणि थोड्याच वेळात वाडी लागते. इकडे आयुध निर्माणीची वसाहत, तिकडे ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामे, रस्त्यावर मालट्रकची रांग आणि जवळच वायुसेनानगर. लग्नसराईत यात लॉनवरच्या वाजंत्रीची आणि फटाक्यांची भर पडते. डोक्यावरून विमानाची घरघर असतेच. अशा ठिकाणी घोडा पाळायचा म्हटले, तर पहिला प्रश्न हाच येतो : एवढ्या आवाजात ते जनावर राहील कसे?

प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. शहराच्या कडेने राहणारी कितीतरी कुटुंबे वरातीसाठी घोडी पाळून पोट भरतात. त्या घरात घोडी म्हणजे दुकान, शेती आणि बँकेतली ठेव, सगळे एकच. ती बुजली, दावे तोडून उधळली आणि महामार्गावर गेली, तर काय होते हे सांगायला नको. घोडी जाते, एखाद्या दुचाकीस्वाराचाही जीव जातो. तेव्हा आवाज आणि घोडा यांचे नाते नीट समजून घेणे हे घोडेवाल्याच्या हिताचे आहे, आणि त्याच्या शेजाऱ्याच्याही.

आधी विमानाचे पाहू. नागपूर विमानतळाची धावपट्टी ३,२०० मीटर लांबीची आहे. ती आग्नेयेकडून वायव्येकडे गेलेली आहे. तिच्या दोन टोकांना १४ आणि ३२ असे क्रमांक आहेत. या क्रमांकापुढे एक शून्य मांडले, की होकायंत्रावरची दिशा मिळते : १४० अंश आणि ३२० अंश. आता नकाशा घ्या आणि सोनेगावच्या धावपट्टीची रेषा पट्टीने वायव्येकडे वाढवत न्या. ती रेषा वाडीच्याच अंगाला येते. अंतर साधारण सात-आठ किलोमीटर. प्रवासी विमान उतरताना सुमारे तीन अंशांचा उतार धरते. म्हणजे या बाजूने उतरणारे विमान वाडीच्या आसपास जमिनीपासून चारशे मीटरच्या आगेमागे असते.

विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उडते. त्यामुळे वारा एका बाजूचा असला, तर उतरणारी विमाने वाडीकडून येतात. वारा फिरला, तर उडणारी विमाने वाडीकडे जातात. म्हणजे वारा कुठलाही असो, दोहोंपैकी एक या भागाच्या वाट्याला येण्यासारखेच आहे. उडणाऱ्या विमानाचे इंजिन जोर लावत असते, म्हणून त्याचा आवाज जाड आणि लांबत जाणारा. उतरणाऱ्याचा आवाज त्या मानाने बारीक, शिटीसारखा. माणूस दोन्हींकडे दुर्लक्ष करायला शिकतो. घोडा शिकतो का?

त्यासाठी घोड्याचा कान कसा आहे ते पाहावे लागेल. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. घोड्याची मर्यादा सुमारे ५५ पासून ३३,५०० पर्यंत मोजली गेली आहे. म्हणजे अगदी खर्जातला काही आवाज आपल्याला ऐकू येतो, घोड्याला येत नाही. उलट आपल्या कानाला जिथे शांतता वाटते, तिथे एखाद्या यंत्राची बारीक किणकिण घोडा ऐकत असतो. शेजारच्या वर्कशॉपमधले ग्राइंडर, कॉम्प्रेसरच्या नळीतून सुटणारी हवा, ट्रकच्या ब्रेकचा चित्कार हे आवाज आपल्यापेक्षा त्याला अधिक टोचतात, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. घोड्याचे कान चहूकडे वळतात आणि दोन कान दोन दिशांना धरणेही त्याला जमते. ते पाहून आपल्याला वाटते, आवाज कुठून आला हे त्याला अचूक कळत असणार. प्रत्यक्षात तसे नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी केलेल्या चाचण्यांत असे दिसले, की दोन आवाजांच्या दिशेतला एक अंशाचा फरकही माणूस ओळखतो, पण घोड्याला त्यासाठी सुमारे पंचवीस अंशांचा फरक लागतो. कारण डोळ्यांत आहे. आपली नजर समोरच्या लहानशा भागातच तीक्ष्ण असते. ती नेमकी कुठे वळवायची हे कानाने सांगावे लागते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला, तर जवळजवळ सगळे क्षितिज त्याला एकाच वेळी दिसते. त्याच्या कानाने एवढेच सांगितले, की ‘त्या अंगाला काहीतरी आहे’, तरी मोकळ्या माळावर भागते. बाकीचे डोळे पाहून घेतात.

आता हाच घोडा चार भिंतींच्या आत, टिनाच्या छपराखाली बांधा. आवाज येतो, भिंतींवर आदळून चहूबाजूंनी येतो, पण दिसत काहीच नाही. डोळ्यांनी शहानिशा करायची त्याची वाटच बंद झाली. घोडा हे शिकार होणारे जनावर आहे. लाखो वर्षे त्याने एकच नियम पाळला : आधी पळा, मग विचार करा. दाव्याला बांधलेल्या घोड्याला तो नियम पाळता येत नाही. म्हणून तो दाव्याला हिसके देतो, मागच्या पायांवर उभा राहतो, भिंतीवर लाथा झाडतो. त्याला आपण खोडी म्हणतो. ती खोडी नसते, कोंडी असते.

मग घोडा आवाजाला कधीच सरावत नाही का? सरावतो, आणि चांगला सरावतो. सव्वीस जानेवारीचा सोहळा आपण दरवर्षी पाहतो. राष्ट्रगीत सुरू असताना एकवीस तोफांची सलामी होते. तिथे १७७३ पासूनची परंपरा असलेले राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल घोड्यांवर असते. मुंबईत १८८३ पासून असलेल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हेलिकॉप्टर उतरत आलेली आहेत आणि तिथेच शर्यतीचे, अतिशय तापट रक्ताचे घोडे वावरलेले आहेत. जुन्या फौजांतही घोड्याला तोफ-बंदुकीची सवय लावल्याखेरीज रणात नेत नसत.

याला प्रयोगाचा आधारही आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकी वायुदलासाठी केलेला एक अभ्यास १९९१ चा आहे. त्यात गाभण घोड्यांना एफ-१४ या लढाऊ विमानाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवण्यात आला. पहिल्या वेळी घोड्या घाबरल्या, पळू पाहू लागल्या, हृदयाचे ठोके वाढले, रक्तातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही वाढले. पण आवाज पुन्हा पुन्हा ऐकल्यावर ही घाबरगुंडी उतरत गेली. आवाज न ऐकवलेल्या घोड्यांशी तुलना केली, तेव्हा गर्भ टिकण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. याचा अर्थ आवाज निरुपद्रवी आहे असा नाही. पहिल्या काही वेळांचा ताण खरा होता, मोजता येण्यासारखा होता. पण घोडा शिकतो, हेही तितकेच खरे.

तर मग घोडे पेंड खाते कुठे? ते ‘सरावा’च्या अटींमध्ये. जनावर एखाद्या आवाजाला केव्हा सरावते? एक, तो आवाज वरचेवर येतो तेव्हा. दोन, तो हळूहळू वाढतो आणि हळूहळू ओसरतो तेव्हा. तीन, त्या आवाजामागून काही वाईट घडत नाही असा अनुभव जमा होतो तेव्हा. प्रवासी विमान या तिन्ही अटी बऱ्याच अंशी पाळते. ते रोज येते. दूरवरून गुणगुणत येते, डोक्यावर मोठे होते आणि निघून जाते. कधी कुणाला चावत नाही. वाडीत जन्मलेल्या शिंगराला ते पावसासारखेच वाटू लागते.

लढाऊ विमान किंवा खालून जाणारे हेलिकॉप्टर मात्र दुसरी अट मोडते. वेगवान विमान खालून आले, की त्याची चाहूल लागेपर्यंत ते डोक्यावर आलेले असते. शांततेतून एकदम कल्लोळ. आवाज किती मोठा याबरोबरच तो किती झपाट्याने वाढला, हेही दचकण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. खालून उडणाऱ्या लष्करी विमानांचा उपद्रव मोजताना अमेरिकेत यासाठी एक वेगळी बेरीज करतात. आवाज फार झपाट्याने वाढणारा असेल, तर मोजलेल्या पातळीत ११ डेसिबलपर्यंत भर घालतात.

अशी विमाने वाडीच्या आकाशात रोज नसतात आणि हीच त्यातली अडचण आहे. १९ नोव्हेंबर २०२२ रोजी वायुसेनानगरात वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडने ‘एअर फेस्ट’ भरवला होता. सूर्यकिरण पथकाच्या कसरती पाहायला नागपूरकरांनी मोठी गर्दी केली. माणसांसाठी तो सणच. आसपास बांधलेल्या जनावराच्या दृष्टीने मात्र तो कधीतरी येणारा, कुठलीही पूर्वकल्पना नसलेला गोंगाट. वर्षातून एकदा येणाऱ्या गोष्टीची सवय लागत नसते. तिथे सराव कामाला येत नाही, पूर्वसूचनाच कामाला येते.

इंग्लंडमध्ये हा धडा फार महाग पडून शिकावा लागला. २००३ मध्ये लिंकनशायर परगण्यात हवाई दलाचे एक अवजड चिनूक हेलिकॉप्टर खालून गेले. घोडा बिथरला आणि त्यावर बसलेल्या महिलेचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर तिथे दोन गोष्टींवर भर दिला गेला. घोडेस्वाराने वरून सहज दिसेल असा भडक, चमकणारा पोशाख घालावा, म्हणजे वैमानिकाला वेळेवर बाजूला वळता येईल. आणि खालून उडण्याचा सराव कुठे, केव्हा आहे, हे लोकांना आधी विचारता यावे. म्हणजे उपाय काय, तर एकाने दिसावे आणि दुसऱ्याने सांगावे. यात यंत्र नाही, खर्च नाही.

आता आकाशातून जमिनीवर येऊ. शेजाऱ्याचा आवाज विमानापेक्षा लहान असतो, पण त्याचा स्वभाव वेगळा असतो. लॉनवरची ध्वनियंत्रणा तासन्‌तास चालते. फटाका कधी फुटेल ते कळत नाही. टेम्पोतून लोखंडी पत्रे उतरवताना एकदम खणखणाट होतो. वरातीच्या वर ड्रोन भिरभिरते, तेही घोडीच्या कानाशी. शिवाय या आवाजांमागून बऱ्याचदा वाईट घडतेही. कुणी फटाका पायाशी टाकतो, कुणी दांडगाई करून घोडीला नाचवू पाहतो. म्हणजे तिसरी अटही मोडली. एकदा आवाजाशी वेदनेची गाठ पडली, की ती सोडवायला महिने लागतात.

यावर भिंत बांधावी का? तर विचारपूर्वक बांधावी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले, की एका ठिकाणाहून येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. तेव्हा पहिला उपाय अंतराचा. तबेला प्लॉटच्या कुठल्या कोपऱ्यात बांधायचा, याचा निर्णय विटा आणण्याआधी घ्यावा. दुसरा उपाय आडोशाचा. आवाजाचे उगमस्थान आणि घोड्याचे कान यांच्यामध्ये भरीव भिंत उभी राहिली, एकमेकांना ते ‘दिसेनासे’ झाले, की साधारण पाच डेसिबलचा फरक पडतो. भिंत आणखी उंच केली तर आणखी. फटी असलेले कुंपण किंवा झाडांची एक ओळ डोळ्यांना बरी वाटते, धूळही अडवते, पण आवाज फारसा अडवत नाही. आणि विमानासाठी भिंतीचा काहीच उपयोग नाही, कारण ते वरून येते. म्हणून विमानाला सराव आणि शेजाऱ्याला आडोसा, असा सरळ हिशेब ठेवावा.

छपराचे मात्र जरूर पाहावे. उघडे टिन पावसात ताशासारखे वाजते, उन्हात तापते आणि आवाज आत घुमवते. टिनावर किंवा टिनाखाली गवताचा, तट्ट्याचा जाड थर दिला, तर नागपूरच्या उन्हाळ्यात दुहेरी फायदा होतो. मात्र तबेल्यात विजेच्या तारा उघड्या नकोत आणि लॉनवरून फटाक्याची ठिणगी येऊ शकत असेल, तिथे गवत बाहेरच्या अंगाला नको. खण प्रशस्त हवा. मोठ्या घोड्याला बारा फूट बाय बारा फूट जागा चांगली मानतात. एका बाजूला तरी त्याला बाहेरचे दिसले पाहिजे. वर म्हटल्याप्रमाणे, पाहून खात्री करणे ही त्याची गरज आहे. काटेरी तारेचे कुंपण घोड्याला कधीही नको. बिथरलेला घोडा तार पाहत नाही, तारेतून जातो.

बांधण्याची रीतही महत्त्वाची. दावे थेट खुंट्याच्या लोखंडी कडीला बांधू नये. कडीला आधी सुतळीचा एक फासा घालावा आणि दावे त्या फाशाला बांधावे. घोड्याने जीव खाऊन ओढले, तर सुतळी तुटते, मान मोडत नाही. अर्थात सुतळी तुटल्यावर घोडा रस्त्यावर जाता कामा नये. म्हणून बाहेरचे फाटक बंद आणि मजबूत हवे. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे आणि मागचे दोन्ही दोर बांधून घोडा जखडण्याची जुनी पद्धत गोंगाटाच्या रात्री धोक्याची ठरू शकते. पळता न येणारे जनावर पडते, आणि पडलेल्या घोड्याचा पाय मोडला तर तो पुन्हा कामाला येणे फार कठीण असते.

आता सराव कसा द्यायचा ते पाहू. डेन्मार्कमध्ये २००६ साली तरुण घोड्यांवर एक प्रयोग झाला. घाबरवणारी वस्तू होती हलणारी पांढरी नायलॉनची पिशवी. काही घोड्यांना ती एकदम पूर्ण रूपात दाखवली, काहींना दाणा देत देत, तर काहींना अगदी पायरीपायरीने. पायरीपायरीने शिकवलेले घोडे कमी बुजले आणि सर्वच्या सर्व शिकले. ‘एकदा ढकला आत, होईल सवय’ हा आपल्याकडचा खाक्या म्हणूनच चुकीचा आहे. त्यात काही घोडे सरावतात, पण काही कायमचे बिघडतात, आणि कोणता घोडा बिघडेल हे आधी कळत नाही.

पायरी म्हणजे काय? मोबाइल फोनवर विमानाचा, बँडचा, फटाक्याचा आवाज मिळतो. तो छोट्या स्पीकरवर, लांबून, इतका हलका लावावा, की घोडा फक्त कान टवकारील आणि पुन्हा चारा खाऊ लागेल. रोज दहा मिनिटे पुरे. दोन-तीन दिवस तो कानही हलवीनासा झाला, की स्पीकर थोडा जवळ आणावा किंवा आवाज थोडा वाढवावा. डोके वर गेले, नाकपुड्या फुलल्या, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, शेपूट उचलली गेली, तर आपण घाई केली असे समजावे आणि एक पायरी मागे यावे. घोडा शांत असतानाच आवाज बंद करावा. तो उसळल्यावर बंद केला, तर उसळल्याने आवाज थांबतो, असा त्याचा समज होतो. चंदीची वेळ आणि आवाजाची वेळ एक ठेवली, तर काम आणखी सोपे. विमानाच्या वेळा आपल्याला साधारण ठाऊक असतातच. नव्या घोड्याला पहिले काही दिवस नेमक्या त्या वेळी भिजवलेले चणे द्यावेत.

दुसरे साधन म्हणजे सोबत. त्याच डॅनिश संशोधकांच्या २००८ च्या अभ्यासात नवख्या घोड्यांना आधीच सरावलेल्या घोड्याच्या जोडीने भीतीदायक वस्तूसमोर नेले. ते कमी बिचकले, त्यांच्या हृदयाचे ठोकेही कमी राहिले, आणि नंतर ते एकटे असतानाही हा फायदा टिकला. तबेल्यातली जुनी, पोक्त घोडी ही म्हणूनच सोन्याची असते. तिचे वय झाले म्हणून तिला विकायची घाई करू नये. ती वरातीत जात नसेल, पण घरी शिक्षिकेचे काम करते.

तिसरे साधन आपण स्वतः. स्वीडनमध्ये २००९ साली एक मजेदार चाचणी झाली. घोडा घेऊन चालणाऱ्या आणि घोड्यावर बसलेल्या माणसांना सांगितले, की या फेरीत घोड्यासमोर एकदम छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला काय ठाऊक छत्रीचे? त्याने माणसाची धास्ती ओळखली. विमान आले की लगाम आवळणारा, ओरडणारा, चाबूक उगारणारा मालक घोड्याला एकच शिकवतो, की विमान खरोखरच घाबरण्यासारखे आहे. अशा वेळी दावे थोडे सैल ठेवावे, नेहमीच्या आवाजात बोलत राहावे, खरारा चालू ठेवावा.

काही रात्री मात्र कोणताही सराव पुरा पडत नाही. दिवाळी, शेजारच्या लॉनवरचे मोठे लग्न, हवाई कसरती. त्यासाठी आधीच बेत ठरवावा. घोडा त्याच्या ओळखीच्या जागी, ओळखीच्या सोबत्याशेजारी ठेवावा. त्या दिवशी नवीन जागी हलवू नये. दिवा लावून ठेवावा, म्हणजे फटाक्याचा लखलखाट एकदम डोळ्यांवर येत नाही. समोर भरपूर कडबा किंवा वाळले गवत असावे. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असते, चघळत राहिल्याने लाळ सुटते आणि पोट सांभाळले जाते. घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे ताणातून पोट बिघडले, की पोटशूळ जिवावर बेतू शकतो. पुढच्या पायाने जमीन उकरणे, वळून वळून पोटाकडे पाहणे, लोळणे, चारा सोडणे ही लक्षणे दिसली, तर सकाळची वाट पाहू नये, पशुवैद्याला बोलवावे. निवांत उभ्या असलेल्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. आपल्या घोड्याचे नेहमीचे ठोके जबड्याखालच्या नाडीवर मोजून वहीत लिहून ठेवले, तर बिघाड लवकर ध्यानात येतो. नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे. वाडीकरांना ते लांब नाही.

वरातीच्या घोडीबद्दल एक शब्द वेगळा सांगितला पाहिजे. ती आवाजाला सरावलेली दिसते, कारण ती उभी राहते. उभे राहणे आणि शांत असणे एक नव्हे. घाम फुटलेला, कान मागे चिकटलेले, पातळ लीद पडणारी घोडी घाबरलेलीच असते. ती फक्त पळत नाही. तिला ध्वनियंत्रणेच्या गाडीपासून लांब, बँडच्या मागे ठेवण्याची अट व्यवहार ठरवतानाच घालावी. कानात घालायचे मऊ बोळे मिळतात, त्यांना दोरी बांधलेली असावी आणि त्यांची सवय आधी घरी द्यावी. लगामाशी एक जाणता माणूस सतत असावा. नवरदेवाच्या मित्रांनी फटाका फोडायचाच असेल, तर तो घोडी निघून गेल्यावर.

राहता राहिला कायदा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७० अशा मर्यादा त्यात आहेत. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त नसावा, असेही बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या गोष्टी ठासून सांगितल्या. वर्षातले मोजके सणांचे दिवस सरकार रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते, एरवी नाही. पोलिसांकडे तक्रार करता येते आणि वेळप्रसंगी करावी. पण एक लक्षात असू द्या. कायदा आवाजाची उंची आणि वेळ सांगतो. घोड्याला उधळायला लावणारी गोष्ट ही आवाजाचा अचानकपणा असते, आणि एक सुतळी बॉम्ब दुपारी चार वाजता फुटला, तरी तो पुरेसा असतो.

म्हणून शेजाऱ्याशी बोलणे हाच खरा उपाय. त्यासाठी आपली बाजूही स्वच्छ हवी. शेजाऱ्याला आपला आवाज नको असतो तसा वास आणि माश्याही नको असतात. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद सहज टाकतो. उन्हाळ्यात माशीची अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे लीद रोज उचलली पाहिजे आणि त्याआधीच ती हद्दीपासून लांब, झाकलेल्या खड्ड्यात किंवा शेतकऱ्याकडे गेली पाहिजे. मूत्र मुरण्याची, वाहून नेण्याची सोय हवी. नगरपरिषदेकडे जनावर ठेवण्याबाबत काय परवानगी लागते, ते विचारून घ्यावे. ज्याच्या तबेल्याचा वास येत नाही, त्याच्या विनंतीला वजन येते.

आणि विनंती काय करायची? ‘आवाज करू नका’ ही विनंती गोदामवाला मान्य करणार नाही, लॉनवालाही नाही. त्यांचेही पोट त्यावर आहे. त्याऐवजी ‘दादा, आवाज करण्याआधी सांगा’ एवढेच म्हणावे. पत्रे उतरवायचे आहेत, एक फोन करा. मोठे लग्न आहे, आदल्या दिवशी कळवा. आतषबाजी आहे, तर वेळ सांगा आणि तबेल्याच्या विरुद्ध कोपऱ्यात करा. तेवढ्या पाच मिनिटांत घोडा आत घेता येतो, चारा टाकता येतो, फाटक लावता येते. असा निरोप द्यायला कुणाचे काही जात नाही, म्हणून तो बहुधा मिळतो. हवाई प्रात्यक्षिकांच्या तारखा वर्तमानपत्रात आधी येतात. सराव उड्डाणेही त्याच्या आधीच्या दिवसांत होतात, हे ध्यानात ठेवावे.

थोडक्यात सांगायचे, तर विमानाला घोड्याशी बोलता येत नाही, पण ते नेमाने येते आणि त्या नेमावरच घोडा निर्धास्त होतो. शेजाऱ्याचा नेम नसतो, पण त्याला बोलता येते. ते बोलणे झाले नाही, तर बारा फुटांची भिंतही अपुरी पडते. वाडीसारख्या ठिकाणी घोडा राहू शकतो. त्याला शांतता नाही मिळाली तरी चालते, पुढे काय होणार याची खात्री मात्र मिळावी लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)